धुतलेला प्लग

त्याला सगळे वैद्य म्हणत, आणि त्याने जन्मात कुणाला साधी सर्दीची गोळीसुद्धा दिली नव्हती. तो गाड्या दुरुस्त करायचा. नाव पडलं ते एका सवयीमुळे. कुठलीही गाडी येवो, तक्रार ब्रेकची असो नाहीतर दाराच्या कडीची, हा आधी बॉनेट उघडणार, इंजिनातले स्पार्क प्लग काढणार आणि एका पांढऱ्या फडक्यावर ते ओळीने मांडून बघत बसणार. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, तिथेच पेट्रोल जळतं. तेव्हा आत काय चाललंय हे त्या टोकाइतकं खरं दुसरं कुणी सांगत नाही, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर जीभ बघतो तसा हा प्लग बघायचा. टोक फिकट तपकिरी, म्हणजे तब्येत ठणठणीत. काळं, काजळी धरलेलं, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलाने ओलं, म्हणजे इंजिन तेल पितंय, आता कंबर कसा.

गॅरेज गल्लीच्या टोकाला, लाँड्री आणि कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या मध्ये. पत्र्याचं दार, मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, जाळीत अडकवलेला दिवा, आणि मागच्या दारातून थेट स्वतःचं स्वयंपाकघर. फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा होता. त्यात त्याने नाना तऱ्हेचे बिघडलेले प्लग जमवले होते. गिऱ्हाईक जरा निवांत दिसलं की डबा खाली यायचा आणि प्रदर्शन सुरू व्हायचं. एकच प्लग, तळाशी कागदात गुंडाळलेला, तो सहसा दाखवत नसे. त्याची गोष्ट लांब आहे म्हणायचा आणि झाकण लावायचा.

त्याच्या उस्तादाने त्याला एक नियम घालून दिला होता: चारही काढल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. इंजिनात चार प्लग असतील तर चारही बघायचे, मग बोलायचं. घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, एक बघा की, बाकीचे तसेच असणार. तर वैद्य शांतपणे विचारायचा, घरात चार भावंडं असली तर एकाला विचारून चौघांची लग्नं ठरवता का? गिऱ्हाईक बाकावर बसून राहायचं.

दुसरं एक खूळ होतं, ते महागड्या प्लगांविरुद्ध. इरिडियमचे प्लग मिळतात, टोकाला सुईसारखा बारीक काटा असलेले, वर्षानुवर्षं टिकणारे. नव्या गाडीला कंपनीने तेच सांगितले असतील तर घाला, तो म्हणायचा, वाद नाही. पण जुन्या इंजिनाला कशाला? साधे घ्या, वेळच्या वेळी बदला. जो प्लग इंजिनाच्या पश्चात मागे उरणार, त्याचं कौतुक कुणी करायचं? आणि मग त्याचा ठेवणीतला विनोद यायचा. म्हाताऱ्या माणसाला डोंगर चढायचे बूट घेऊन द्यायचे आणि तो जातो कुठे, तर कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत. हा विनोद त्याने इतक्यांदा केला होता की लाँड्रीवाला तो त्याच्याआधीच पुरा करायचा. पण वैद्य छाती ठोकून बोलायचा आणि लोक ऐकायचे. त्या भागात महागडा प्लग विकत घ्यायचा म्हणजे वैद्याची नजर चुकवून घ्यावा लागे.

तर अशा माणसाची त्याच्या सख्ख्या बहिणीने नजर चुकवली.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं. त्यामुळे गल्लीभर आवाज करणारा वैद्य ताई आली की फडक्याला हात पुसत उभा राहायचा. तिची उभी हयात पोस्टाच्या खिडकीमागे गेली होती. नवरा गेला तेव्हा त्याची निळी, चौकोनी गाडी दारात तशीच होती. लोकांनी सल्ला दिला, विकून टाका. ताईने ड्रायव्हिंगचा क्लास लावला. केस पिकल्यावर गाडी शिकली आणि अशी शिकली की आरशात बघितल्याशिवाय मान वळवायची नाही. चालवताना फोन घ्यायचा नाही हाही तिचाच नियम. फोन पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर.

तिची एकुलती मुलगी घाटापलीकडच्या शहरात असायची आणि तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. ताई जाणार होती आणि स्वतःच्या गाडीने जाणार होती. मुलगी फोनवर चिडली, जावयाने बसची वेळ कळवली, शेजाऱ्यांनी घाटातल्या अपघातांच्या गोष्टी सांगितल्या. ताईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गाडी भावाकडे आणली.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली, "ही मला घाटापलीकडे नेईल का?"

वैद्याने बॉनेट उघडलं आणि जागच्या जागी थिजला. त्याने स्वतःच्या हाताने बसवलेले साधे प्लग गायब होते. त्यांच्या जागी चार नवेकोरे, पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर सोनेरी अक्षरं असलेले. महागडे. कुणाच्या तरी परक्या हाताने घट्ट केलेले. उघड्या डोळ्यांनी बघूनही त्याला ते खरं वाटेना.

ताईने काही लपवलं नाही. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात बसवले, म्हणाली. गाडी सकाळी सुरू केली की घटकाभर थरथरायची, ती थरथर यांनी जवळजवळ गेली. दुकानदाराने सांगितलं, हे प्लग कधी घाण होत नाहीत, स्वतःच साफ राहतात. ती हे जाहिरात करण्यासाठी सांगत नव्हती, जे झालं ते सांगत होती. वैद्याला ते जास्त लागलं. तिने थरथरीबद्दल त्यालाही फोन केला होता, पण तेव्हा तो एका गाडीखाली आडवा होता, आणि आपण काय उत्तर दिलं ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

आता हा माणूस दुखावला की कसा वागायचा ते सांगायला हवं. तो भांडायचा नाही. तो काम करायचा, पण आवाज करून. पाना आपटला, पेटी ओढली, दिवा उगाच इकडचा तिकडे टांगला. मग सगळ्यात पुढचा, रेडिएटरच्या बाजूचा प्लग काढला. त्याला तो काळाकुट्ट निघायला हवा होता. जुन्या इंजिनात महाग काय आणि स्वस्त काय, सगळ्यांचं तोंड काळं होतं, हे त्याला ताईच्या हातावर ठेवून दाखवायचं होतं.

प्लग लखलखत होता. काजळीचा कण नाही, तेलाचा डाग नाही, तपकिरी छटासुद्धा नाही. कित्येक आठवडे इंजिनात राहून तो दुकानातल्या खोक्यातून आत्ता काढावा तसा दिसत होता. वैद्य आ वासून बघत राहिला. म्हणजे खरं होतं. साफ राहतात. इतकी वर्षं आपण बाकावर बसलेल्या माणसांना जे छातीठोकपणे सांगत आलो ते चूक होतं, आणि पोस्टाच्या खिडकीतून निवृत्त झालेल्या बाईने ते एका खरेदीत खोटं पाडलं होतं.

"साफ आहे," तो म्हणाला.

"म्हणजे नेईल?"

"नेईल."

त्याने प्लग परत बसवला, बॉनेट खाली आपटलं. उरलेल्या तिघांना हात लावला नाही. पांढरं फडकं खांद्यावरच राहिलं.

त्यानंतर वैद्य काही दिवस माणसांत नव्हता. बायकोने जेवायला हाक मारली तर तिसऱ्या हाकेला यायचा. बूट आणि बाकाचा विनोद बंद झाला. लाँड्रीवाल्याने एकदा मुद्दाम सुरुवात करून दिली, तर वैद्य आत निघून गेला. आणि मग टॅक्सीवाला आला. त्याला सगळे सरकार म्हणत, कारण तो स्वतःला आम्ही म्हणायचा. त्याची टॅक्सी ताईच्या गाडीच्याच वयाची, त्याच कंपनीची. आमचे प्लग बदला, तो म्हणाला, नेहमीचे साधे. वैद्य खाली बघून म्हणाला, महागडे घाला. सरकारला वाटलं थट्टा चालली आहे. मग त्याने वैद्याचा चेहरा बघितला आणि सरळ पुढे होऊन त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. ताप नव्हता. हमरस्त्यावरच्या दुकानातून तसेच चार प्लग आले, वैद्याने ते बसवले, आणि गल्लीत चर्चा झाली ती झालीच.

काही आठवड्यांनी एका सकाळी सरकार पुन्हा हजर. पैसे वाया गेले की नाही हे आम्हाला आमच्या डोळ्यांनी बघायचं आहे, म्हणाला. वैद्याचा राग एव्हाना ओसरला होता आणि हाताला जुनी सवय होती. त्याने फडकं पसरलं. एक काढला, मांडला. दुसरा, तिसरा, चौथा.

चारही तपकिरी होते.

फिकट, एकसारखे, सुरेख तपकिरी. साध्या प्लगचं टोक निरोगी इंजिनात जसं व्हावं तसं, त्यात काडीचा फरक नाही. सरकार खूश झाला. तब्येत ठणठणीत ना, त्याने विचारलं. वैद्याने चारही प्लग पुन्हा एकेक करून उजेडात धरले. तेच प्लग, तसलंच इंजिन, तितकेच दिवस, आणि हे तपकिरी झाले होते. महागड्या प्लगलाही रंग चढतो. चढायलाच हवा, आत आग आहे. मग ताईचा का चढला नव्हता?

त्याने फळीवरचा डबा ओढला आणि फडक्यावर उपडा केला. तळचा, कागदात गुंडाळलेला प्लग उघडला. लखलखीत, पांढरा. फार जुन्या बनावटीचा, एका खटाऱ्यातून निघालेला. वैद्य तेव्हा उस्तादाच्या हाताखाली नवीन होता. हा प्लग बघून तो आनंदाने ओरडला होता, उस्ताद, किती साफ. आणि उस्तादाने त्याच्या डोक्यात टपली मारून सांगितलं होतं, साफ नाही रे, धुतलेला. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाच्या मध्ये गॅस्केट असतं. ते फाटलं की गार ठेवायचं पाणी आत शिरतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ प्लग धुऊन काढते. काळा प्लग तक्रार करतो, उस्ताद म्हणाला होता, हा हसत हसत मारतो. अशा इंजिनाला चढावर घातलं की उकळून बसतं.

तेवढ्यात मागच्या दारातून बायको चहाचे कप घेऊन आली. ताईंचा मघाशी फोन येऊन गेला, ती सांगू लागली. पोरीला पहाटे दवाखान्यात नेलंय, दिवस भरायच्या आधीच. म्हणून ताई ठरलेल्या दिवसाची वाट न बघता आजच निघाल्या. तुम्ही खड्ड्यात होता, म्हणून तुम्हाला हाक मारली नाही.

"पाण्याचा मोठा कॅन पण बरोबर घेतलाय त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाल्या, गाडीला हल्ली फार तहान लागते."

वैद्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने कप खाली ठेवले. त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. तो फोन मागच्या सीटवर पर्समध्ये होता आणि ताई नियम मोडणारी नव्हती. वैद्याने चारही प्लग जागेवर बसवले तोवर सरकार स्टिअरिंगवर जाऊन बसला होता.

टॅक्सी घाटाला लागली आणि झपाट्याने चढू लागली. सरकारला गप्प बसवेना. प्लग मात्र झकास निघाले, तो म्हणाला, कशी ओढते बघा. वैद्य खिडकीबाहेर बघत होता. प्रत्येक वळणावर निळा रंग शोधत होता आणि दिसू नये असंही वाटत होतं. आयुष्यात एकदाच त्याने जाहिरातीवर विश्वास ठेवला होता, आणि तोही रागाच्या भरात. त्याने प्लगला हरवायला तो काढला, प्लग हरला नाही, एवढंच त्याला दिसलं. गाडी दिसलीच नाही. ताई तर नाहीच नाही. हे त्याला आता स्वच्छ कळत होतं.

घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे, एका वळणावर, निळी गाडी कठड्याला लागून उभी होती. बॉनेट उघडं, आतून वाफ येत होती. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं. आत कुणी नव्हतं. कठड्यापलीकडे दरी.

वैद्य टॅक्सी थांबायच्या आत उतरला, पडला, उठला. कठड्याच्या दोन पावलं अलीकडे तो थांबला. सरकारने त्याचा दंड धरला आणि नुसतं बोट दाखवलं. वळणाच्या पुढे, झाडाच्या सावलीत, ताई एका दगडावर बसली होती. मांडीवर पर्स, पायाशी रिकामा कॅन. ती जावयाशी फोनवर बोलत होती. तिने हाताने थांब अशी खूण केली, बोलणं पुरं केलं, आणि मगच भावाकडे वळली.

पोर बाळंतपणाच्या खोलीत गेली होती. गाडी अचानक तापली, ताईने सांगितलं, काटा लाल रेषेवर गेला, मी लगेच बाजूला घेऊन बंद केली, कॅनभर पाणी ओतून बघितलं ते कुठे गेलं कळलं नाही. सांगण्यात घाबरेपणा नव्हता. भावाच्या गुडघ्यावरचं रक्त बघून मात्र ती चमकली.

वैद्य गाडीपाशी गेला. इंजिन निवायची वाट बघायलाही त्याला धीर नव्हता. हाताला फडकं गुंडाळून त्याने प्लग काढले, बोटं भाजली तरी काढले, आणि रस्त्याच्या कडेला रुमाल पसरून ओळीने मांडले. पहिला पांढरा, लखलखीत. बाकी तिन्ही तपकिरी. सरकारला काय कळायचं ते कळलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

वैद्याने सगळं सांगितलं. पाणी, वाफ, पहिल्या प्लगाशीच फाटलेलं गॅस्केट, धुतलेला आणि साफ यांतला फरक. प्लगांचा दोष नाही, हेही सांगितलं. सकाळची थरथर म्हणजे रात्रभर आत झिरपलेलं पाणी होतं. नव्या प्लगांची ठिणगी जोरकस, त्यांनी ती थरथर दाबून धरली. ते जे काम करायचं ते करत होते. ताई रुमालाकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे तू त्या दिवशी एकच काढलास," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"मी तुला थरथरीचा फोन केला होता. तू म्हणालास, वय झालं." ती थांबली. "मला आधी वाटलं, माझ्याबद्दलच बोलतोयस. सगळेच बोलतात. मग मी मुद्दाम सगळ्यात चांगले प्लग घातले. म्हटलं, जुनी आहे म्हणून तिला कुणी चांगलं काही घालायचंच नाही का? तुझे ते डोंगर चढायचे बूट."

वैद्याला वाटलं, तिने एखादी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ती मारायची, मग जवळ घ्यायची. आता ती नुसती उभी होती, पिकलेल्या केसांची, पोरीकडे जायला निघालेली, आणि हा विनोद आपण आजवर कुणाकुणासमोर केला हे त्याला आठवत होतं. त्यातल्या कितीतरी वेळा ती बाकावर बसलेली होती. ती हसलीही होती. त्याला रडू आलं आणि त्याने ते थांबवलं नाही.

ताईने त्याला रडू दिलं, पण फार वेळ नाही. तिची पोर पलीकडे होती. तिने निळ्या गाडीतून बॅग काढली, किल्ली त्याच्या भाजलेल्या हातात ठेवली आणि टॅक्सीकडे वळली. सरकारने धावत जाऊन मागचं दार उघडलं. ताई आत बसली नाही. तिने टॅक्सीचं बॉनेट बघितलं, पुढचा चढ बघितला, आणि तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत.

"ही मला घाटापलीकडे नेईल का?"

सरकारने वैद्याकडे बघितलं. एरवी टॅक्सीबद्दल कुणी शंका घेतली तर आम्ही म्हणून तासभर बोलणारा माणूस, पण हा प्रश्न आपल्याला नाही हे त्यालाही कळलं. वैद्याने तोंड पुसलं. नेईल हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता, पण तो एकदा खर्च झाला होता.

"चारही बघितलेत, ताई," तो म्हणाला. "आज सकाळी."

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि दार ओढून घेतलं.